सीएक्ससीआर-४ मागण्याआधी फॉर्मेलिनची बरणी पाहा

प्रति,
सांगली, मिरज, इस्लामपूर, विटा, तासगाव, जत भागांत स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन, त्यांच्या ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टर आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक यांना,

सप्रेम नमस्कार.

बायोप्सीच्या फॉर्मवर ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-२ (पेशी वाढवणारे प्रथिन) या नेहमीच्या तपासण्यांच्या खाली अलीकडे पेनाने आणखी एक ओळ लिहून येते: 'सीएक्ससीआर-४, सीसीआर-७ पण करावे.' कधी ती सर्जनच्या अक्षरात असते, कधी मोबाईलवर वाचून आलेल्या नातेवाइकांच्या आग्रहाखातर लिहिलेली. हा मार्कर, म्हणजे गाठीत रंगवून शोधायचे प्रथिन, चांगला की वाईट एवढाच प्रश्न असता तर फोनवर सांगून भागले असते. पण त्याच फॉर्मसोबत आलेली बरणी उघडावी तर आत अख्खा स्तन न कापता कोंबलेला, वर जेमतेम चार बोटे फॉर्मेलिन, आणि शस्त्रक्रिया किती वाजता झाली याचा पत्ता नाही. म्हणून दोन्ही विषय एकाच पत्रात घेतो.

आमची विनंती अशी: सीएक्ससीआर-४, सीसीआर-७ हे केमोकाइन रिसेप्टर रोजच्या रिपोर्टमध्ये मागू नका, कारण त्यांच्यावर आज कोणताही उपचार ठरत नाही. आणि ज्या मार्करांवर उपचार ठरतो ते बरोबर यायचे असतील, तर गाठ शरीरातून सुटल्यानंतरचा पहिला तास सांभाळा. तो तास आमच्या लॅबमध्ये नसतो, तुमच्या ओटीत असतो.

आधी रिसेप्टरविषयी, कारण त्यामागचे विज्ञान खोटे नाही. केमोकाइन ही साधारण ८ ते १० किलोडाल्टनची छोटी प्रथिने. पांढऱ्या पेशींनी कुठे जायचे, कुठे थांबायचे हे त्यांच्यामुळे ठरते. त्यांचे रिसेप्टर पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार गेलेले असतात आणि जी-प्रोटीनमार्फत आत निरोप देतात. निरोप पोचला की पेशीचा सांगाडा हलतो आणि पेशी त्या दिशेने सरकते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या रिसेप्टरांना कर्करोगाच्या चर्चेत आणले. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-७ जास्त सापडले. त्यांची जोडीदार प्रथिने, म्हणजे सीएक्ससीएल-१२ आणि सीसीएल-२१, नेमकी तिथेच भरपूर होती जिथे हा आजार पसरतो: लसिका ग्रंथी, फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा. उंदरांत सीएक्ससीआर-४ अडवल्यावर फुप्फुसातला प्रसार कमी झाला. त्यानंतरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर ज्यांच्या गाठीत सीएक्ससीआर-४ जास्त, त्यांच्यात आजार परतण्याचे आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त दिसते.

मग रिपोर्टमध्ये का नको? पहिली अडचण स्लाइडवरच दिसते. जोडीदार प्रथिन चिकटले की हा रिसेप्टर पडद्यावर बसून राहत नाही. त्याच्या शेपटाला फॉस्फेट लागतात, तो आत ओढला जातो आणि तिथे मोडलाही जातो. त्यामुळे एकाच गाठीत काही पेशींच्या पडद्यावर रंग, काहींच्या सायटोप्लाझममध्ये, काहींच्या केंद्रकात. कुणी पडदा मोजतो, कुणी सायटोप्लाझम, कुणी केंद्रक, कुणी सगळे मिळून. काही अँटिबॉडी शेपटालाच चिकटतात, आणि तिथे फॉस्फेट असेल तर चिकटत नाहीत. म्हणजे रिसेप्टर सर्वांत जास्त कामात असतानाच स्लाइड कोरी दिसू शकते. हर-२ साठी 'दहा टक्क्यांहून जास्त पेशींत पूर्ण आणि गडद पडदा' अशी ठरलेली मोजपट्टी आहे. सीएक्ससीआर-४ साठी अशी सर्वमान्य पट्टी नाही. एका लॅबचा 'पॉझिटिव्ह' दुसऱ्या लॅबमध्ये 'निगेटिव्ह' ठरेल आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतील.

दुसरी अडचण लिम्फोसाइटची. त्यांच्यावर सीएक्ससीआर-४ मुळातच भरपूर असतो. स्लाइडवर हे सोयीचे आहे, कारण गाठीतले लिम्फोसाइटच कंट्रोलचे काम करतात. पण तुकडा वाटून आरएनए काढला तर वाढलेला आकडा कर्करोगाच्या पेशींचा की गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटचा, हे कळायला मार्ग उरत नाही. त्यात भर म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ नावाच्या प्रथिनामार्फत सीएक्ससीआर-४ चे जनुक जोर धरते. रक्तपुरवठा तुटलेली गाठ ट्रेमध्ये दीड तास पडून राहिली, तर तो दीड तासही मोजणीत मिसळण्याची भीती असते.

तिसरी अडचण हर-२ ची सावली. हर-२ वाढलेला असेल तर सीएक्ससीआर-४ चे प्रथिन जास्त तयार होते आणि मोडतेही कमी, हे २००४ मध्येच दाखवले गेले आहे. मग वाईट भाकीत सीएक्ससीआर-४ चे की हर-२ चे? ग्रेड (पेशी किती बिघडल्या), काखेतल्या लसिका ग्रंथी (गाठी), ईआर, हर-२ हे सगळे हिशेबात धरूनही जो आकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो तोच कामाचा. शिवाय सीएक्ससीएल-१२ ला एसीकेआर-३ नावाचा दुसरा रिसेप्टरही पकडतो आणि भोवतालचे सीएक्ससीएल-१२ गिळून कमी करतो. जोडीतला एकच मोजून निकाल लावणे म्हणजे एका बाजूची साक्ष ऐकून खटला निकाली काढणे.

सीसीआर-७ चा काखेतल्या गाठींशी संबंध आहे, टी-१, म्हणजे दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, स्तनातल्या गाठींतही तो दिसला आहे. पण काखेत आजार आहे का हे जाणून घ्यायला सेंटिनल नोड (काखेतली पहिली ग्रंथी) आहे, आणि काख साफ केली असेल तर गाठी मोजता येतात. काखेची चरबी वेगळ्या बरणीत, 'काख' असे लिहून पाठवा. निदान दहा गाठी शोधायचा आमचा प्रयत्न असतो. चरबी स्तनासोबत चेंगरून आली की तो फसतो. समोर गाठी असताना रिसेप्टरवरून त्यांचा अंदाज बांधायचा हे आम्हाला तरी पटत नाही.

आणि शेवटी औषध. ईआर पॉझिटिव्ह आला तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, हर-२ पॉझिटिव्ह आला तर ट्रास्टुझुमॅब. सीएक्ससीआर-४ पॉझिटिव्ह आला तर काय लिहून देणार? प्लेरिक्साफॉर हे सीएक्ससीआर-४ अडवणारे औषध २००८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण लिम्फोमा आणि मायलोमाच्या रुग्णांत स्टेम सेल रक्तात आणण्यासाठी. बॅलिक्साफोर्टाइड हे त्याच जातीचे औषध पसरलेल्या, हर-२ निगेटिव्ह स्तनाच्या कर्करोगात एरिब्युलिनसोबत तिसऱ्या टप्प्यापर्यंत तपासले गेले. २०२१ मध्ये त्याचा फायदा दिसला नाही. नातेवाइकांनी विचारलेच तर एवढे सांगावे: ही तपासणी संशोधनाची आहे, तिच्यावरून तुमचे औषध बदलणार नाही, तेच पैसे हर-२ '२+' (म्हणजे अनिश्चित) आल्यावर लागणाऱ्या फिशसाठी (हर-२ चे जनुक मोजणाऱ्या तपासणीसाठी) राखून ठेवा.

मेडिकल कॉलेजमध्ये एमडी-एमएसच्या प्रबंधासाठी कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. मात्र कट-ऑफ आधी ठरवून लिहून ठेवा. आकडे हातात आल्यावर जिथे 'पी' छान येतो तिथे रेघ मारणे हा या विषयातला सर्वांत जुना रोग आहे. पडदा, सायटोप्लाझम आणि केंद्रक यांचे गुण वेगवेगळे भरा. प्रत्येक खेपेला टॉन्सिलचा कंट्रोल लावा, आणि प्राथमिक अँटिबॉडी न घातलेली एक स्लाइडही. अँटिबॉडीचा क्लोन, पातळ करण्याचे प्रमाण, अँटिजेन रिट्रीव्हलचा बफर सायट्रेट पीएच ६ की ट्रिस-ईडीटीए पीएच ९, हे सगळे नोंदवा. दोघांनी रुग्णाची माहिती न पाहता वेगवेगळे वाचन करा. कापलेल्या कोऱ्या स्लाइड सहा आठवड्यांहून जुन्या वापरू नका. २००५ मध्ये आलेली रिमार्क मार्गदर्शक तत्त्वे याच कामासाठी आहेत. प्रबंधाचा आराखडा बनवतानाच ती शेजारी ठेवावीत. आणि तीस-चाळीस केसमध्ये 'भाकीत' सिद्ध झाल्याचे लिहू नये. तेवढ्यात तंत्र बसवता येते, भाकीत नाही.

आता बरणीकडे येऊ. पत्राचा खरा भार इथे आहे.

गाठ कापून बाहेर आली की तिच्यातली एन्झाइम तिलाच खाऊ लागतात. रक्तपुरवठा तुटल्यापासून फॉर्मेलिनमध्ये पडेपर्यंतचा वेळ एक तासाच्या आत हवा. त्यानंतर ईआर, पीआर, हर-२ साठी फॉर्मेलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. हे आकडे आमच्या मनचे नाहीत, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतले आहेत. अँटिजेन ट्रेमध्येच संपला तर पुढे कितीही महागडे यंत्र आणा: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फॉर्मेलिन तुकड्यात तासाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने शिरते, आणि जसजसे खोल जाते तसतसे मंदावते. अख्खा स्तन न कापता बुडवला तर कातडी आणि बाहेरची चरबी छान पक्की होते, मधली गाठ मात्र दोन दिवसांनीही लालसर, मऊ, वास मारणारी निघते. अशा गाठीच्या कडेला ईआर पॉझिटिव्ह आणि मध्यभागी निगेटिव्ह येतो. बायोप्सीचा तुकडा नेमका मध्यातून घेतला गेला तर ती बाई 'ट्रिपल निगेटिव्ह' (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) ठरते. किमोथेरपीचा मार्ग बदलतो, आणि वर्षानुवर्षे कामी आली असती ती स्वस्तातली गोळी तिला मिळतच नाही.

म्हणून स्तन काढल्यावर तो लगेच कापायला हवा. पॅथॉलॉजिस्ट त्याच गावात असेल तर फॉर्मेलिनशिवाय, स्वच्छ प्लास्टिक पिशवीत, अर्ध्या तासात त्याच्याकडे पोचवा. नसेल तर हे काम ओटीतच करावे लागेल. मागची, म्हणजे छातीच्या बाजूची बाजू गॉजने टिपून कोरडी करा. तिच्यावर ड्रॉइंगची काळी शाई लावा, वर ५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा हात फिरवा म्हणजे शाई पसरत नाही. मग मागच्या बाजूनेच, कातडी अखंड ठेवून, पुस्तकाची पाने उघडावीत तसे एकेक सेंटिमीटरवर काप द्या. गाठीवर ५ मिलिमीटरवर. प्रत्येक कापात गॉजची पट्टी घाला, नाहीतर काप पुन्हा चिकटतात आणि कापून न कापल्यासारखे होते. लम्पेक्टॉमीचा (फक्त गाठ काढलेला) तुकडा मात्र शाई आणि टाके यांच्याशिवाय कापायचा नाही. मार्जिन (कापलेली कड) एकदा हरवली की परत सापडत नाही. आखूड टाका वरच्या बाजूला, लांब टाका बाहेरच्या बाजूला, आणि तसे फॉर्मवर लिहिलेले. कॉटरी गाठीच्या अगदी कडेने फिरवू नका: भाजलेल्या कडेवर हर-२ उगाच गडद दिसतो.

फॉर्मेलिन किती? तुकड्याच्या किमान दहापट. अर्ध्या किलोच्या नमुन्याला पाच लिटर झाले. प्रत्येक ठिकाणी एवढे जमत नाही हे आम्हालाही कळते, म्हणून तर कापण्यावर एवढा भर. कापलेला नमुना मोठ्या झाकणाच्या बादलीत ठेवा, आणि जाडजूड नमुना असेल तर काही तासांनी फॉर्मेलिन बदला.

आणि कोणते फॉर्मेलिन? बाजारात मिळणारे मूळ द्रावण ३७ ते ४० टक्क्यांचे असते. एक लिटर बफर फॉर्मेलिनसाठी ते १०० मिलि, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच सातच्या आसपास आला पाहिजे. पट्टी बुडवून पाहायला मिनिटही लागत नाही. बफर न घातलेले फॉर्मेलिन ठेवून ठेवून आम्लधर्मी होते आणि स्लाइडवर तपकिरी-काळे कण पाडते. नेहमी दिसणारे घोटाळे दोन: कॅनमधल्या तयार १० टक्के फॉर्मेलिनलाच कुणीतरी 'कडक आहे' म्हणून पुन्हा दहापट पाणी घालतो, किंवा डिस्टिल्ड पाण्याच्या जागी बोअरचे पाणी वापरतो. कॅनवर बनवल्याची तारीख आणि 'तयार, पाणी घालू नये' असे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. सलाईन, स्पिरिट, बेटाडिन यांपैकी काहीही फॉर्मेलिनला पर्याय नाही. सलाईनमध्ये गाठ कुजते. स्पिरिटमध्ये ती टणक होते, पाहणाऱ्याला 'छान टिकली' वाटते, पण हर-२ वर भरवसा ठेवता येत नाही.

बरणी रुंद तोंडाची हवी. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा सहज सरकतो. फॉर्मेलिनमध्ये कडक झाला की बाहेर येत नाही. मग बाटली फोडावी लागते आणि काचेचे कण तुकड्यात घुसतात, मायक्रोटोमच्या पात्याला खाचा पडतात. नाव बरणीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको: एका टेबलावर चार बरण्या उघड्या असल्या की झाकणे बदलतात. एफएनएसीच्या (बारीक सुईने शोषून घेतलेल्या पेशींच्या) स्लाइडवर नाव पेन्सिलने लिहा. मार्करची शाई अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुऊन जाते.

जत, आटपाडीकडून येणारी बरणी मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तापते. आत फॉर्मेलिन असेल आणि तुकडा कापलेला असेल तर एवढ्याने फारसे बिघडत नाही. कोरडी किंवा सलाईनमध्ये असेल तर मिरजेला पोचेपर्यंत सगळे संपलेले असते. फॉर्मेलिनमधला नमुना फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, थंडीने फॉर्मेलिन आत शिरायला उलट वेळ लागतो. फ्रीजरमध्ये तर मुळीच नको, बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. शनिवारी संध्याकाळी ६ ला फॉर्मेलिनमध्ये गेलेला आणि सोमवारी सकाळी १० ला पोचलेला नमुना ४० तासांचा होतो, चालतो. दिवाळी किंवा गणपतीच्या लागून आलेल्या सुट्ट्यांत ७२ तास उलटतात, म्हणून अशा शस्त्रक्रियेआधी लॅबला एक फोन करा. सुट्टीतही ग्रॉसिंगला (नमुना कापून तुकडे घ्यायला) कुणीतरी येईल.

या सगळ्यावर एक सोपा तोडगा आहे आणि तो आपल्या भागात अजून पुरेसा वापरला जात नाही: शस्त्रक्रियेआधी कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे घेणे. एफएनएसीवर 'कर्करोग' एवढा शब्द आला की थेट शस्त्रक्रिया करण्याची सवय सोडावी लागेल. १४ गेजच्या सुईने घेतलेले चार-पाच कोअर घेतल्याक्षणी बफर फॉर्मेलिनमध्ये पडतात. तासाभराची अट आपोआप पाळली जाते. किमोथेरपी आधी देणार असाल तर कोअरला पर्यायच नाही, कारण नंतर गाठ विरघळली की तपासायला काही उरत नाही. मात्र 'कोअर बारीक आहे, दोन तासांत प्रोसेसरला (तुकड्यातले पाणी काढणाऱ्या यंत्रात) टाका' असा तगादा लावू नका. फॉर्मेलिन आत लवकर शिरते हे खरे, पण प्रथिनांचे जाळे बांधायला त्याला कित्येक तास लागतात. ते अर्धवट राहिले तर पुढचे काम प्रोसेसरमधले अल्कोहोल करते, आणि तसा पक्का झालेला तुकडा ईआर खोटा निगेटिव्ह देऊ शकतो. सहा तास म्हणजे सहा तास. रिपोर्ट एक दिवस उशिरा येईल.

आमच्याकडूनही तुम्ही काही मागायला हवे. रिपोर्टमध्ये ईआरचा टक्का आणि रंगाची तीव्रता दोन्ही असावीत. एक टक्का आणि त्यापुढे पॉझिटिव्ह, १ ते १० टक्के असेल तर 'कमी पॉझिटिव्ह' असे स्पष्ट लिहिलेले असावे. शेजारच्या निरोगी नलिकांमध्ये ईआर आला की नाही याची नोंद हवी. ईआर निगेटिव्ह, आणि निरोगी नलिकाही कोऱ्या, असे असेल तर तो निकाल निगेटिव्ह नव्हे; तपासणी फसली आहे. दुसऱ्या ब्लॉकवर किंवा कोअरवर ती पुन्हा करायला सांगा. केआय-६७ (वाढत्या पेशींचे प्रमाण) १८ टक्के की २२ टक्के यावर डोकेफोड करू नका. ५ किंवा त्याखाली आणि ३० किंवा त्यावर तो विश्वासाचा, मधल्या पट्ट्यात दोन वाचकांत फरक पडतोच. आणि लॅबमध्ये हर-२ चे '२+' नेहमीपेक्षा वाढले तर जाब विचारा. त्याचे कारण बरेचदा तुमच्या बरणीत असते, पण कधी कधी आमच्या अँटिबॉडीतही असते.

व्यवस्थापकांसाठी खरेदीची यादी छोटी आहे: एक लिटर आणि पाच लिटरच्या रुंद तोंडाच्या बरण्या, बफर फॉर्मेलिनचा कॅन, पीएच पट्ट्या, काळी शाई, आणि ओटीत भिंतीवर चालू घड्याळ. फॉर्मेलिन ओतताना हातमोजे आणि खिडकी उघडी. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी येईल अशा कोपऱ्यात ते काम देऊ नका. एफएनएसी, कोअर आणि मोठ्या नमुन्यासाठी वेगवेगळे फॉर्म असतील तर उत्तम. नाहीतर आहे त्याच फॉर्मवर दोन रकाने छापून घ्या: 'गाठ बाहेर काढल्याची वेळ' आणि 'फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ'. ते सिस्टरने जागेवरच भरायचे, संध्याकाळी अंदाजाने नाही. रकाने कोरे आले तर येत्या महिन्यापासून आम्ही रिपोर्टवर 'फिक्सेशनची वेळ उपलब्ध नाही. ईआर, पीआर, हर-२ चा निगेटिव्ह निकाल सावधपणे घ्यावा' ही ओळ घालणार आहोत.

आपले,
सांगली-मिरजेतील काही पॅथॉलॉजिस्ट आणि हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन